वाचकांचे प्रश्न : शिकारीचा हंगाम संपल्यावर रानटर्कीची वीण

उत्तर अमेरिकेतील रानटर्कीच्या विणीविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रे अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांची आहेत. तेथे वसंत ऋतूत या पक्ष्याच्या नरांची शिकार कायद्याने ठरवलेल्या मुदतीत करता येते, आणि ती मुदत संपल्यानंतर जंगलात काय घडते, असा बहुतेकांच्या विचारण्याचा रोख आहे.

प्रश्न : न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात आमचे घर जंगलाला लागून आहे. येथे टर्कीच्या शिकारीचा वसंत हंगाम ३१ मे रोजी संपतो. तोवर या पक्ष्यांची वीणही आटोपलेली असते, असे शेजारी सांगतात. परंतु जूनच्या मध्यावरही पहाटे नराची हाक ऐकू येते, आणि परवा तर पिसारा फुलवलेला एक नर दोन माद्यांच्या मागे फिरताना दिसला. हे कसे काय?

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. जंगलातील बहुतेक मीलने मे अखेरीपर्यंत उरकलेली असतात. पण वीण म्हणजे केवळ मीलन नव्हे, आणि सगळ्या माद्यांची वीण एकाच वेळी सुरू होऊन एकाच वेळी संपते असेही नाही. शिकारीच्या तारखा वन्यजीव विभाग ठरवतो, तर पक्ष्यांच्या तारखा दिवसाची लांबी, मादीची प्रकृती आणि तिच्या घरट्याच्या वाट्याला आलेले नशीब मिळून ठरवतात.

क्रम असा असतो. हिवाळ्यात नर आणि माद्या वेगवेगळ्या थव्यांत राहतात. दिवस मोठे होऊ लागले की वाढत्या प्रकाशामुळे नरांच्या शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण वाढते, थवे फुटू लागतात, आणि पहाटे झाडावरच्या रातथाऱ्यावरून खाली उतरण्यापूर्वीच नर हाका देऊ लागतो. ही गडगडती हाक शांत हवेत दीड किलोमीटरपर्यंतही पोहोचते. हाकांचा पहिला भर माद्या अंडी घालू लागण्यापूर्वी येतो. माद्या जवळ आल्या की नराला हाका देण्याचे फारसे कारण उरत नाही. तो पिसारा फुलवून, पंखांची टोके जमिनीला घासत त्यांच्याभोवती फिरण्यात गुंतलेला असतो. पुढे एकेक मादी खुडूक होऊन अंड्यांवर बसते, नर एकटे पडतात, आणि अनेक ठिकाणी तेव्हा हाकांचा दुसरा भर ऐकू येतो. उत्तरेकडील राज्यांत तो साधारणपणे मे महिन्यात येतो, आणि तेथील शिकारीचा हंगामही मुद्दाम याच सुमारास ठेवलेला असतो, कारण तोवर बऱ्याच माद्यांचे मीलन झालेले असते, त्या घरट्यावर असल्यामुळे चुकून गोळीच्या वाटेत येण्याची शक्यता कमी असते, आणि एकटे पडलेले नर शिकाऱ्याने काढलेल्या मादीच्या आवाजाच्या नकलेला ओ देतात.

मग जूनमध्ये हाका का ऐकू येतात? त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण शिकारीशीच निगडित आहे. आग्नेय अमेरिकेतील जंगलांत स्वयंचलित ध्वनिमुद्रक लावून केलेल्या अभ्यासांत असे आढळले की शिकार सुरू झाली की हाकांची संख्या घटते. काही हाका देणारे नर मारले जातात, हा त्याचा एक भाग. उरलेले सावध होऊन गप्प राहतात, हा दुसरा. जंगलातली वर्दळ थांबल्यावर वाचलेले नर पुन्हा मोकळेपणाने हाका देऊ लागले, तर त्यात नवल नाही.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि ते माद्यांचे आहे. टर्कीचे घरटे म्हणजे जमिनीवरचा एक उथळ खळगा, त्यात थोडा पाचोळा, आणि आडोशाला एखादे झुडूप किंवा पडलेल्या झाडाचा शेंडा. रॅकून, स्कंक, ओपॉसम, कोल्हे, कायोटी, साप आणि कावळे यांपैकी कोणीतरी ते शोधून काढते. बहुतेक प्रदेशांत निम्म्याहून अधिक घरटी पिल्ले बाहेर पडण्यापूर्वीच नष्ट होतात. अंडी गेलेली मादी, विशेषतः अंडी घालत असताना किंवा उबवणीच्या सुरुवातीलाच गेलेली असली तर, काही दिवसांतच पुन्हा विणीच्या अवस्थेत येते, नराकडे परतते आणि नव्या जागी घरटे करते. दुसऱ्या खेपेला अंडी बहुधा कमी असतात. आपण पाहिलेल्या दोन माद्या अशाच घरटे गमावलेल्या असाव्यात, किंवा गेल्या वर्षी जन्मलेल्या आणि या वर्षी घरटे न केलेल्या तरुण माद्या असाव्यात. लांबून पाहून यांतला फरक ओळखणे कठीण आहे.

हे फार काळ मात्र टिकत नाही. वयात आलेल्या नराच्या छातीवर वसंतापूर्वी चरबीचा जाड थर साठलेला असतो, आणि पोटभर चरायला फुरसत न मिळण्याच्या काळात तो याच साठ्यावर जगतो. उन्हाळा सुरू होईपर्यंत हा साठा आटतो, वृषणे आकसू लागतात, पिसे झडून नवी येऊ लागतात, आणि नर पुन्हा आपापल्या टोळ्यांत शांतपणे चरताना दिसू लागतात. जुलैमध्ये एखाद्याने पिसारा फुलवलेला दिसला, तर त्याचा रोख मादीपेक्षा टोळीतल्या दुसऱ्या नरावर असण्याचा संभव अधिक आहे.

प्रश्न : इतके नर मारले गेल्यावर उरलेल्या माद्यांची अंडी निष्फळ ठरत नाहीत का? विशेषतः पहिले घरटे मोडलेल्या मादीला जूनमध्ये नर मिळालाच नाही, तर काय होते?

उत्तर : सहसा निष्फळ ठरत नाहीत. एक नर अनेक माद्यांशी मीलन करतो, जोडी अशी बांधली जात नाही, आणि पिल्लांच्या संगोपनात नराचा काडीचाही वाटा नसतो. त्यामुळे नरांची संख्या काही प्रमाणात घटली तरी फळण्याचे प्रमाण लगेच खाली येत नाही. याच आधारावर वसंतातील शिकार नरांपुरती ठेवली जाते. अनेक राज्यांच्या नियमात ‘दाढी असलेला पक्षी’ असे शब्द असतात. ही दाढी म्हणजे छातीवरून लोंबणारा राठ केसांसारख्या पिसांचा झुपका. थोड्या माद्यांनाही तो असतो, आणि अशी मादी नियमाच्या कचाट्यात सापडते. ही त्रुटी सर्वांना ठाऊक आहे, पण अशा माद्यांचे प्रमाण कमी असल्यामुळे ती चालवून घेतली जाते.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर मादीच्या शरीरातच आहे. तिच्या अंडनलिकेच्या भिंतीत अतिसूक्ष्म नळ्या असतात. मीलनानंतर शुक्राणू त्यांत साठून राहतात आणि अंडी तयार होतील तसे थोडे थोडे बाहेर पडतात. पाळीव टर्कीवरील प्रयोगांत एका मीलनानंतर चार आठवड्यांहून अधिक काळ फलित अंडी मिळालेली आहेत. म्हणजे एका मीलनात अंड्यांचा पूर्ण संच फळू शकतो, आणि पहिले घरटे लवकर मोडले तर दुसऱ्यासाठीही साठा शिल्लक असू शकतो. तरीही रानातल्या माद्या संधी मिळाल्यास पुन्हा मीलन करतात.

खरा वाद वेगळा आहे. दक्षिणेकडील काही राज्यांत गेल्या दोन दशकांत पिल्लांची संख्या घटल्याचे दिसते, आणि हंगाम फार लवकर सुरू होत असल्यामुळे कळपातील वरचढ नर मीलनाच्या ऐन भरात मारले जातात, त्याने वीण विस्कळीत होते, अशी शंका काही अभ्यासकांनी मांडली. टेनेसी राज्याने २०२३ मध्ये हंगामाचा आरंभ दोन आठवडे पुढे ढकलला. मात्र त्याच राज्यातील काही परगण्यांत आधी करून पाहिलेल्या अशाच बदलाच्या अभ्यासात घरट्यांच्या यशावर अपेक्षित परिणाम आढळला नाही. माझ्या मते हंगामाची तारीख हा प्रश्नाचा एक लहान तुकडा आहे. घरट्याजोगी झुडपे, पिल्लांना किडे मिळतील अशी गवताळ मोकळी जागा आणि भक्षकांची संख्या यांचे वजन त्याहून जास्त आहे.

प्रश्न : आमच्या शेताच्या कडेला दोन नर अगदी खांद्याला खांदा लावून, एकाच तालात पिसारा फुलवून चालतात. मादी आली की त्यांतला एकच पुढे होतो. दुसरा इतकी मेहनत कशासाठी घेतो? मोराचा असा जोडीने नाच कधी पाहिला नव्हता.

उत्तर : या पक्ष्याविषयीच्या अतिशय रंजक प्रश्नांपैकी हा एक आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळालेले आहे. मोराशी आपण केलेली तुलना योग्य आहे, कारण दोन्ही पक्षी एकाच कुळातले आहेत. फरक एवढाच की मोर फुलवतो ती शेपटीवरची लांब आच्छादक पिसे असतात, तर टर्की आपली खरीखुरी शेपटीच पंख्यासारखी उघडतो.

रानटर्कीचे भाऊ पहिल्या हिवाळ्यात आईपासून वेगळे झाल्यावर एकत्रच राहतात आणि ही टोळी पुढे आयुष्यभर टिकू शकते. टोळीत कोण वरचढ हे भांडून ठरते, आणि एकदा ठरले की मीलनाचा अधिकार बहुधा त्याच्याकडेच राहतो. टेक्सासमध्ये वॉट्स आणि स्टोक्स या अभ्यासकांनी भावांच्या अशा टोळ्यांचे वर्णन १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु हे नर खरोखरच सख्खे आहेत का, आणि खालच्या भावाला यातून काय मिळते, याचा हिशेब मांडायला जनुकीय चाचण्या उपलब्ध होईपर्यंत थांबावे लागले. अॅलन क्राकाउअर यांनी कॅलिफोर्नियातील टर्कींवर केलेले हे काम २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले. जोडीने किंवा टोळीने नाचणाऱ्या वरचढ नराला सरासरी सुमारे ७ पिल्ले झाली, एकट्याने नाचणाऱ्या नराला सरासरी १ पेक्षा किंचित कमी, आणि साथ देणाऱ्या खालच्या नराला एकही नाही. त्या साथीदारांमधील जनुकीय नाते मोजले तेव्हा ते सरासरी ०.४२ निघाले, म्हणजे सख्ख्या आणि सावत्र भावांच्या नात्याच्या मधले.

आता गणित करून पाहा. साथ दिल्यामुळे थोरल्या भावाला सुमारे ६ पिल्ले जास्त मिळतात. त्यांतील ०.४२ इतका हिस्सा धाकट्याच्या खात्यावर धरला, तर तो अडीचच्या आसपास जातो. एकटा नाचला असता तर त्याला पुरते एकही पिल्लू मिळाले नसते. म्हणजे स्वतःची संतती शून्य असूनही त्याची जनुके तोट्यात राहत नाहीत. उत्क्रांतीच्या अभ्यासात विल्यम हॅमिल्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो, आणि तो एवढ्या स्वच्छ आकड्यांत पाहायला मिळण्याची उदाहरणे फार नाहीत. थोरला मेला किंवा मारला गेला, तर धाकट्याला त्याची जागा घेण्याची संधी असते, हे वेगळेच.

मादी कोणत्या नराला पसंत करते, हेही जाता जाता सांगतो. चोचीच्या मुळापासून लोंबणारी मांसल शेंडी जितकी लांब, तितकी मादीची पसंती जास्त, असे रिचर्ड बुकोल्झ यांच्या १९९० च्या दशकातील प्रयोगांत दिसले. आणि लांब शेंडीच्या नरांत आतड्यातील काही परजीवींचे प्रमाण कमी आढळले. तेव्हा मादीची निवड केवळ दिखाव्यावर नाही.

प्रश्न : घरामागच्या उंच गवतात नऊ अंडी असलेले टर्कीचे घरटे सापडले. दोन दिवस पाहतो आहे, मादी जागेवर नसते. अंडी उबवणयंत्रात ठेवावीत का? की भोवती जाळी लावावी?

उत्तर : कृपया दोन्ही करू नये. मादी जागेवर नाही याचा अर्थ तिने घरटे सोडले, असा मुळीच होत नाही. ती साधारणपणे दिवसाला एक अंडे घालते, आणि दहा-बारा अंड्यांचा संच पूर्ण व्हायला जवळपास दोन आठवडे लागतात. या काळात ती फक्त अंडे घालण्यापुरती येते, जाताना बहुधा अंड्यांवर पाचोळा ओढते, आणि रात्री झाडावरच झोपते. नऊ अंडी असलेले घरटे बहुधा याच टप्प्यावर असेल. संच पूर्ण होत आल्यावरच ती सलग बसू लागते. त्याचा फायदा असा की आधी घातलेली आणि शेवटी घातलेली अंडी एकदमच वाढू लागतात आणि सगळी पिल्ले साधारण एका दिवसात बाहेर पडतात.

उबवणी सुमारे २८ दिवस चालते. मादी अधूनमधून थोडा वेळ खाण्यापिण्यासाठी उठते, एरवी इतकी निश्चल बसते की चार पावलांवरून जाणाऱ्यालाही ती दिसत नाही. उबवणीच्या सुरुवातीच्या दिवसांत तिला हुसकावले गेले, तर ती घरटे कायमचे सोडण्याचा धोका अधिक असतो. पिल्ले बाहेर पडण्याची वेळ जवळ येते तशी ती अधिक घट्ट बसते. म्हणून रोज जाऊन पाहणे हाच आपल्याकडून होऊ शकणारा मोठा अपाय आहे. तुडवलेल्या गवताची वाट भक्षकांच्याही उपयोगी पडते. जाळीमुळे मादी येणार नाही. आणि रानटर्कीची अंडी उचलून नेणे किंवा परवान्याशिवाय पक्षी पाळणे राज्यांच्या वन्यजीव कायद्यांनुसार गुन्हा आहे, हेही लक्षात असावे.

एक गोष्ट मात्र आवर्जून करता येईल. मे-जूनमध्ये गवत कापण्याच्या यंत्राखाली अंडी तर जातातच, पण शेवटपर्यंत न उठणारी मादीही जाते. तेवढा पट्टा जुलैअखेरपर्यंत न कापता ठेवला, तर घरट्याला त्याहून मोठे संरक्षण नाही.

प्रश्न : मॅसॅच्युसेट्समधील आमच्या वस्तीत एक नर टर्की रोज सकाळी गाडीच्या दारावर चोची मारतो. जून उजाडला तरी हे थांबलेले नाही. तो आजारी आहे का?

उत्तर : आजारी नाही. गाडीच्या चकचकीत रंगात त्याला आपलेच प्रतिबिंब दिसते आणि तो त्याला प्रतिस्पर्धी समजतो. गाडी झाकावी किंवा काही दिवस दुसरीकडे लावावी. माणसांवर धावून येत असल्यास मागे न हटता झाडू किंवा पाण्याच्या नळीने हुसकावावे. तुमचा दरारा वाटला नाही, तर तो तुम्हालाही आपल्या उतरंडीत खालच्या जागी बसवतो. वस्तीत कोणी दाणे टाकत असेल तर ते आधी बंद करावे, कारण बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच असते. आपल्या राज्यातून हा पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नामशेष झाला होता, आणि १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्कमधून आणून सोडलेल्या ३७ पक्ष्यांपासून आजची संख्या वाढली आहे.

प्रश्न : जुलैत तीन माद्या आणि वीस-बावीस पिल्लांचा थवा दिसतो. पिल्लांपैकी काही कोंबडीएवढी, तर काही मुठीएवढी आहेत. एकाच मादीच्या दोन वेळच्या विणीची ही पिल्ले आहेत का? आणि मे महिन्यातल्या पिल्लांपैकी इतकी कमी का उरली?

उत्तर : एकदा पिल्ले बाहेर पडल्यावर त्याच वर्षी दुसऱ्यांदा अंडी घालणे रानटर्कीत अत्यंत विरळ आहे. आपण पाहता त्या वेगवेगळ्या माद्यांच्या पिलावळी आहेत. मोठी पिल्ले पहिल्याच घरट्यात यशस्वी झालेल्या मादीची, आणि लहान पिल्ले पहिले घरटे मोडल्यावर पुन्हा बसलेल्या मादीची. उन्हाळ्यात अशा माद्या एकत्र येतात, आणि पिल्ले गमावलेली मादीही त्यांच्यात सामील होते. जितके डोळे जास्त, तितका भक्षक लवकर लक्षात येतो.

पिल्ले कमी का उरतात, हे समजण्यासाठी त्यांचे पहिले दोन आठवडे पाहावे लागतात. अंड्यातून बाहेर पडल्यावर एखाद्या दिवसातच आई त्यांना घेऊन घरटे सोडते. त्यांना चालता येते, टिपता येते, पण उडता येत नाही. त्यामुळे रात्री सगळी पिल्ले जमिनीवर आईच्या पंखांखाली असतात आणि आईही त्यांच्याबरोबर भक्षकांच्या टप्प्यात असते. याच काळात थंड पाऊस लागून राहिला तर अंगावरची लव भिजते आणि पिल्ले गारठून मरतात. शिवाय त्यांना भराभर वाढण्यासाठी प्रथिने हवी असतात. ती नाकतोडे, भुंगेरे आणि अळ्या यांतून मिळतात, आणि असे किडे दाट जंगलापेक्षा विरळ गवताळ जागी अधिक असतात. म्हणूनच आई त्यांना शेताच्या कडेला आणते, जेथे ती आपल्याला दिसतात आणि ससाण्यालाही दिसतात. निम्म्याहून अधिक पिल्ले या पहिल्या काही आठवड्यांतच जातात. दीड-दोन आठवड्यांची झाल्यावर ती थोडेफार उडू लागतात, मग काही दिवसांत आईपाठोपाठ फांदीवर झोपायला जातात, आणि तेथून पुढे त्यांच्या जगण्याची शक्यता बरीच वाढते.

आपल्या निरीक्षणाचा उपयोगही होऊ शकतो. अनेक राज्यांचे वन्यजीव विभाग जुलै-ऑगस्टमध्ये नागरिकांकडून टर्कीच्या नोंदी मागवतात आणि त्यांतून दर मादीमागे किती पिल्ले उरली याचे गुणोत्तर काढतात. त्या वर्षीची वीण कशी झाली हे त्यावरून कळते, आणि पुढील हंगामांचे नियम ठरवताना त्याचा आधार घेतला जातो. नोंद पाठवताना पिल्ले नसलेल्या माद्याही मोजाव्यात. लोक नेमक्या त्याच वगळतात, आणि मग गुणोत्तर फुगते. थवा रस्ता ओलांडत असेल तर मोजणे सर्वांत सोपे जाते; गवतात असताना मोजलेला आकडा जवळजवळ नेहमीच कमी निघतो, कारण आईने इशारा दिला की लहान पिल्ले जागच्या जागी दबून बसतात.